नाजूक रेघेचा हिशोब : हस्ताक्षरी फॉन्टविषयी वाचकांचे प्रश्न

या सदराकडे गेल्या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे एकाच प्रकारच्या फॉन्टविषयी होती : टाकाने हळुवार लिहिल्यासारखा दिसणारा, बारीक रेघांचा, अक्षरे एकमेकांत गुंफलेला हस्ताक्षरी फॉन्ट. म्हणून या वेळी तीच पत्रे एकत्र घेतली आहेत आणि ज्या पत्रांचा आशय सारखा होता त्यांचा एकच प्रश्न केला आहे.

प्रश्न : फॉन्टच्या यादीत तिरका, हस्ताक्षरी आणि सुलेखनाचा अशी तिन्ही नावे शेजारी शेजारी दिसतात. त्यांत नेमका फरक काय? आणि 'नाजूक' हा केवळ कौतुकाचा शब्द आहे की त्याला मोजता येईल असा काही अर्थ आहे?
— एक विद्यार्थी

उत्तर : नावांचा गोंधळ खरा आहे आणि फॉन्ट विकणाऱ्यांनी तो वाढवलाही आहे. तिरका, म्हणजे इटॅलिक, फॉन्टही मुळात हातच्या लिखाणावरूनच आला. व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुत्सिउस याने १५०१ मध्ये, फ्रान्चेस्को ग्रिफो याने कोरलेल्या तिरक्या खिळ्यांत (छपाईच्या धातूच्या अक्षरांत) रोमन कवी व्हर्जिलचे काव्य छापले, तेव्हा त्यांच्यापुढे नमुना होता तो विद्वानांच्या भरभर चालणाऱ्या हस्ताक्षराचा. पण त्यातली अक्षरे सुटी उभी राहतात. हस्ताक्षरी फॉन्टमध्ये एका अक्षराची शेवटची रेघच पुढच्या अक्षराची पहिली रेघ होते, किंवा निदान तसा भास होतो. सुलेखनाचा फॉन्ट हा शब्द त्याहून सैल आहे आणि लेखणीची चाल ज्यात दिसते अशा कोणत्याही वळणाला तो लावला जातो.

नाजूकपणा मात्र मोजता येतो, आणि तो समजून घ्यायचा तर लेखणीपासून सुरुवात करावी लागेल. रुंद टोकाच्या लेखणीने किंवा बोरूने लिहिताना रेघेची जाडी हाताच्या दिशेवर ठरते. एका दिशेने जाड, दुसऱ्या दिशेने बारीक, मग दाब कितीही असो. टोकदार, लवचीक निबेचे तसे नाही. हात खाली येताना दाब पडतो, निबेच्या दोन पाकळ्या फाकतात आणि रेघ भरत जाते. हात वर वळला की दाब सुटतो, पाकळ्या मिटतात आणि कागदावर केसाएवढी रेघ उरते. रोमन लिपीतला लहान 'एन्' या निबेने लिहून पाहिला तर उतरताना भरलेली आणि चढताना जवळजवळ नाहीशी होणारी रेघ एकाच अक्षरात आलटून पालटून दिसते. कागद जरा खरखरीत असला तर चढणाऱ्या रेघेत निब अडखळते आणि शाईचा शिंतोडा उडतो. नाजूक हस्ताक्षरी फॉन्टचे सारे सौंदर्य या चढणाऱ्या रेघेत असते, आणि पुढच्या उत्तरांत दिसेल त्याप्रमाणे त्याच्या साऱ्या अडचणीही तिथूनच निघतात.

या प्रकारातली अभिजात वळणे आधाररेषेशी सुमारे ५५ अंशांचा कोन करून झुकलेली असतात. त्यांना कॉपरप्लेट हे नाव पडले तेही छपाईच्याच अडचणीमुळे. खिळ्यांना ही रेघ पेलत नव्हती, म्हणून असले हस्ताक्षर तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापत. लंडनच्या जॉर्ज बिकहॅम याने १७३३ ते १७४१ या काळात भागाभागांनी काढलेला हस्ताक्षरांचा प्रसिद्ध संग्रह असाच कोरीव आहे. शिशाच्या खिळ्यात अक्षराचे शेपूट बाहेर काढले तर ते मोडायचे आणि आत ठेवले तर सांधा तुटायचा. १९व्या शतकाच्या आरंभी फर्मँ दिदो या फ्रेंच मुद्रकाने खिळ्याचा ठोकळाच तिरका ओतून या पेचातून वाट काढली. खरी मोकळीक मिळाली ती फोटोटाइपसेटिंग, म्हणजे खिळ्यांऐवजी प्रकाशाने फिल्मवर अक्षरे उमटवण्याची पद्धत, आल्यावर; फॉन्टकार मॅथ्यू कार्टर यांचा १९६०च्या दशकातला स्नेल राउंडहँड हा चार्ल्स स्नेल या जुन्या इंग्रज हस्ताक्षर-शिक्षकाच्या वळणावरचा फॉन्ट त्या काळाचा आहे. हेरमान झाप्फ यांनी १९४४ मध्ये लिहून ठेवलेले एक वळण तर १९९८ मध्ये, संगणक पुरेसा हुशार झाल्यावर, झाप्फिनो या नावाने फॉन्ट झाले.

प्रश्न : एका प्रमाणपत्रावर विजेत्याचे नाव मी हस्ताक्षरी फॉन्टमध्ये घेतले आणि ते सुरेख उठले. त्याच फॉन्टमध्ये खालचा मजकूर १२ पॉइंटात घेतला, तर छापून आल्यावर तो तुटक आणि फिका दिसला. पडद्यावर दोन्ही सारखेच ठळक होते. दोष छापखान्याचा की माझा?
— एक क्रीडाशिक्षक

उत्तर : दोष बहुधा आकाराचा आहे, आणि तो आधी कागदावर मांडून पाहता येतो.

फॉन्टचा आकार बदलला की त्याच्या रेघेची जाडीही त्याच प्रमाणात बदलते, हे आपण सारे जाणतो आणि सारेच विसरतो. साध्या मजकुराच्या फॉन्टमध्ये बारीक रेघसुद्धा इतकी भरदार असते की विसरलेले खपून जाते. येथे खपत नाही. आपल्या फॉन्टमधले एखादे अक्षर १०० पॉइंटात घ्यावे, त्याच्या सर्वांत बारीक रेघेशेजारी एक सरळ रेघ काढावी आणि दोन्ही सारख्या दिसेपर्यंत त्या रेघेची जाडी कमीजास्त करावी. समजा ती १.५ पॉइंट भरली, तर बारीक रेघ अक्षराच्या आकाराच्या दीड टक्का आहे. नाजूक म्हणवणाऱ्या फॉन्टमध्ये हा आकडा काही फार वेगळा येत नाही. आता १२ पॉइंटाला ती रेघ ०.१८ पॉइंट, म्हणजे सुमारे ०.०६ मिलिमीटर झाली. ६०० डीपीआयच्या, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके देणाऱ्या, लेझर प्रिंटरचा एक ठिपका सुमारे ०.०४ मिलिमीटरचा असतो. म्हणजे आपण त्या यंत्राकडे दीड ठिपक्याची रेघ मागत आहात. ते बिचारे कुठे एक ठिपका देते, कुठे दोन, आणि मजकूर तुटक दिसतो.

ऑफसेटवर परिस्थिती बरी असते, तरी ०.२५ पॉइंटपेक्षा बारीक रेघ देऊ नये असा छापखान्यांचा सर्वसाधारण सल्ला असतो, आणि गडद रंगावर पांढरी अक्षरे काढायची असतील तर तोच आकडा ०.५ पॉइंटपर्यंत जातो, कारण भोवतालची शाई पसरून पांढरी रेघ बुजवते. आपल्या दीड टक्क्याच्या फॉन्टसाठी याचा अर्थ असा की पांढऱ्या कागदावर तो १७ पॉइंटांच्या खाली नेऊ नये आणि गडद पार्श्वभूमीवर ३४ पॉइंटांच्या खाली नेऊ नये. शिवाय अशा फॉन्टमधली लहान अक्षरे फारच बुटकी आणि वरखालचे फाटे लांब असतात, त्यामुळे २४ पॉइंटातला हस्ताक्षरी शब्द साध्या फॉन्टच्या १२-१४ पॉइंटातल्या शब्दाएवढाच वाटतो. तेव्हा आकडा मोठा दिसतो म्हणून बिचकू नये.

रंगाचाही विचार करावा. बारीक रेघ एकाच शाईत छापावी. चार शाया मिसळून केलेला काळा रंग मोठ्या पट्ट्याला शोभतो. केसाएवढ्या रेघेत मात्र प्लेट किंचित हलली तरी कडेला लाल-निळी झाक येते. फिकट राखाडी टक्केवारी देणे तर त्याहून वाईट, कारण छपाईत राखाडी रंग म्हणजे ठिपक्यांची जाळी असते आणि रेघच जाळीच्या घरापेक्षा बारीक असेल तर रेघेऐवजी ठिपक्यांची माळ उठते. फिके हवे असेल तर सरळ वेगळी राखाडी शाई वापरावी, नाही तर काळ्यावर समाधान मानावे.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. काही वर्षांपूर्वी एका कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठावर मी कवीचे नाव गडद हिरव्या रंगावर पांढऱ्या नाजूक अक्षरांत घेतले, पडद्यावर चौपट मोठे करून मनसोक्त पाहिले आणि प्रूफ न काढताच मंजुरी देऊन टाकली. छापून आलेल्या प्रतींवर भिंग धरले तेव्हा उतरत्या रेघा जागच्या जागी होत्या, चढत्या रेघा मात्र हिरव्या शाईने गिळल्या होत्या. नावातल्या प्रत्येक अक्षराचा निम्मा भाग गेला होता. छापखान्याने मी दिले तेच छापले होते.

प्रश्न : संपूर्ण शीर्षक रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांत, हस्ताक्षरी फॉन्टमध्ये घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये. या फॉन्टमधले मोठे अक्षर शब्दाच्या दारात एकट्याने उभे राहण्यासाठी काढलेले असते. त्याच्या लपेटी शेजारच्या मोठ्या अक्षरावर चढतात, सांधा कोठेच जुळत नाही आणि शब्द वाचता येत नाही.

प्रश्न : माझ्या संगणकावर हाच फॉन्ट एका प्रोग्राममध्ये सलग दिसतो आणि दुसऱ्यात अक्षरे सुटी पडतात. दुसरी तक्रार अशी की एकाच शब्दात तेच अक्षर दोनदा आले की ते इतके सारखे दिसते की हाताने लिहिल्याचा भास लगेच मोडतो.
— एक मांडणीकार

उत्तर : पहिल्या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा अक्षरांमधल्या अंतरात सापडते. हस्ताक्षरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराचे शेपूट त्याच्या चौकटीबाहेर नेमके इतके काढलेले असते की ते पुढच्या अक्षराच्या सुरुवातीवर टेकावे. कोणी त्या अंतरात किंचितही वाढ केली, किंवा ओळ दोन्ही कडांना भिडवताना प्रोग्रामने स्वतःच ती केली, की सांधे उघडतात. म्हणून अंतर शून्यावर ठेवावे, मजकूर डावीकडे किंवा मध्यावर लावावा आणि प्रोग्रामला नजरेच्या अंदाजाने अंतर ठरवण्याची सोय असेल तर ती बंद करून फॉन्टमधलेच मूळ अंतर वापरण्यास सांगावे.

दुसरी तक्रार अधिक रंजक आहे. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांनी जाहीर केलेल्या ओपनटाइप या पद्धतीत एकाच अक्षराची अनेक रूपे फॉन्टमध्ये ठेवता येतात आणि कोणते रूप कधी यावे याचे नियमही त्यातच लिहिता येतात. शब्दाच्या सुरुवातीला एक रूप, शेवटी लांब शेपटीचे दुसरे आणि तेच अक्षर पाठोपाठ आले तर तिसरे, अशी योजना चांगल्या फॉन्टकाराने केलेली असते. ती दिसत नसेल तर आपल्या प्रोग्राममध्ये संदर्भानुसार पर्यायी रूपे देणारी सोय चालू आहे का ते पाहावे. काही साध्या प्रोग्रामांना ही रूपे वापरताच येत नाहीत, आणि आपल्या पहिल्या तक्रारीचेही कधी कधी हेच कारण असते. लपेटीची रूपे मात्र हाताने, एकेक निवडून लावावीत आणि एका शब्दाला एक पुरे समजावी. दोन लपेटी भेटल्या की भांडतात.

अक्षरे कर्व्ह करून, म्हणजे मजकुराचे नुसते रेखाकार करून, पाठवताना आणखी एक सांभाळावे. सांध्याच्या जागी दोन अक्षरे एकावर एक चढलेली असतात. साध्या काळ्या रंगात ते कळत नाही. परंतु अक्षरांना पारदर्शक रंग किंवा बाह्यरेषा दिली, किंवा तीच फाइल कटिंगच्या यंत्राकडे गेली, तर प्रत्येक सांध्यावर एक फुली उमटते. त्यामुळे कर्व्ह केल्यानंतर सर्व आकार जोडून एक करावेत.

प्रश्न : हा फॉन्ट कोठे शोभतो आणि कोठे शोभत नाही, यासाठी काही कसोटी आहे का? आणि त्याच्या जोडीला दुसरा कोणता फॉन्ट घ्यावा?

उत्तर : माझी कसोटी वाचणाऱ्याच्या घाईवर ठरते. निमंत्रणपत्रिकेवरचे नाव, प्रमाणपत्रावरचे नाव, पुस्तकाचे शीर्षक, अत्तराच्या बाटलीवरची पट्टी, भेटकार्डावरची दोन शब्दांची ओळ येथे वाचणारा थांबतो, पाहतो आणि मग वाचतो, आणि शब्द त्याला बहुधा आधीच ठाऊक असतो. पत्ता, वेळ, दूरध्वनी क्रमांक, औषधाची मात्रा, दिशादर्शक पाटी येथे वाचणाऱ्याला अक्षर दिसण्याशी नव्हे, कळण्याशी काम असते. निमंत्रणपत्रिकेत या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर येतात आणि गफलत होते ती तेथेच : नावासाठी निवडलेला फॉन्ट उत्साहाच्या भरात पत्त्यापर्यंत उतरतो, आणि नाजूक वळणातले १ व ७ सारखेच दिसून पाहुणे भलत्या दारी उभे राहतात.

जोडीला शांत, सरळ उभा आणि सुट्या अक्षरांचा फॉन्ट घ्यावा. दुसरा हस्ताक्षरी फॉन्ट जोडीला घेणे टाळावे. एकाच पानावर दोन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखे ते दिसते.

प्रश्न : रोमन लिपीत असे शेकडो फॉन्ट मिळतात. देवनागरीत तसा नाजूक फॉन्ट शोधायला गेले की निराशा होते. ही केवळ उपेक्षा आहे की लिपीतच काही अडचण आहे?
— मराठीच्या एक प्राध्यापिका

उत्तर : उपेक्षा आहेच, पण लिपीची स्वतःची अडचणही आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. रोमन हस्ताक्षर पायाशी जोडले जाते. देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते आणि बहुतेक अक्षरे उजवीकडच्या दंडाने संपतात, म्हणजे हात थांबतो तो दंडाच्या पायाशी. तेथून रोमनच्या धर्तीवर पुढच्या अक्षरापर्यंत शेपूट ओढले, तर ते उकार वाटते किंवा पाय मोडल्याचे चिन्ह वाटते. रोमनमध्ये जे निव्वळ अलंकरण असते, ते आपल्याकडे उच्चार बदलते.

दुसरी अडचण शिरोरेषेची आहे. टोकदार निबेच्या न्यायाने आडवी रेघ बारीकच यायला हवी, आणि ती बारीक झाली की लहान आकारात उडून जाते. 'घ' आणि 'ध' यांतला फरक मुख्यतः डावीकडे शिरोरेषा जोडलेली आहे की तुटलेली यावर ठरतो. 'म' आणि 'भ' यांचेही जवळपास तसेच. शिरोरेषा गेली की 'धार' कोणती आणि 'घार' कोणती हे संदर्भावर सोडावे लागते. शिरोरेषेशिवाय लिहिणारे लोक 'ध' आणि 'भ' यांच्या डोक्याशी छोटी गाठ का मारतात, ते यावरून लक्षात येईल. नाजूक देवनागरी फॉन्ट निवडताना मी सर्वांत आधी ही गाठ पाहतो. त्यानंतर अनुस्वाराचा ठिपका पाहतो, कारण रेघेच्या प्रमाणात तोही बारीक केलेला असला तर 'नंदी'ची 'नदी' होते. मग 'रव' आणि 'ख' शेजारी टाइप करून बघतो. शेवटी 'र्त्या', 'ष्ट्रीं', 'द्ध्यू' यांसारखी ओझी त्याच्यावर घालून पाहतो. पुष्कळ देखणे फॉन्ट येथे गुडघे टेकतात.

आपल्या जुन्या धावत्या लिखाणाने, म्हणजे मोडीने, हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता अक्षरे तिच्याखाली गुंफत जायची. आजच्या फॉन्टकाराला त्यातून पुष्कळ घेता येईल, असे माझे मत आहे.

सध्या जे उपलब्ध आहे त्यात इंडियन टाइप फाउंड्रीचा 'कलम' हा मुक्त परवान्याचा फॉन्ट देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत एकाच हाताने लिहिल्यासारखा आहे. त्याला नाजूक म्हणता येणार नाही, तो घरगुती हस्ताक्षराच्या जवळचा आहे; तरी त्याचे हलके वजन मोठ्या आकारात चांगले उठते. रोमन कॉपरप्लेटशेजारी देवनागरी बसवायची वेळ आली, तर प्रोग्राममधले तिरके करण्याचे बटण दाबून देवनागरीला ढकलू नये. त्याने दंड कलतात, वाटोळी अक्षरे चेपतात आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर झुकतात. देवनागरी सरळ उभीच राहू द्यावी आणि मेळ घालायचा तो दोन्हींच्या बारीक रेघेच्या जाडीचा घालावा. ओळींमधले अंतरही वाढवावे, कारण वर रफार-मात्रा आणि खाली उकार यांना रोमनपेक्षा अधिक जागा लागते.

प्रश्न : समाजमाध्यमांवर नाव नाजूक हस्ताक्षरात दिसावे म्हणून मी एका संकेतस्थळावरून अक्षरे नकलून आणते. माझ्या एका दृष्टिहीन मैत्रिणीने सांगितले की तिला माझे नाव ऐकूच येत नाही. असे का?

उत्तर : कारण ती अक्षरे फॉन्टची नाहीतच. युनिकोडमध्ये गणिताच्या सूत्रांसाठी वळणदार रोमन अक्षरांचा एक वेगळा संच आहे, आणि अशी संकेतस्थळे आपल्या नावातली साधी अक्षरे काढून त्यांच्या जागी ती गणिती चिन्हे ठेवतात. मजकूर वाचून दाखवणारे प्रोग्राम मग प्रत्येक चिन्हाचे लांबलचक गणिती नाव उच्चारतात किंवा ते सरळ वगळतात. शोध घेतानाही ते नाव सापडेलच असे नाही. नाव साध्या अक्षरांत ठेवावे आणि वळणदार अक्षरांची हौस चित्रावर भागवावी.

चित्रातही पडद्याचे गणित सोडू नये. दीड टक्क्याची रेघ २४ पिक्सेल आकारात एका पिक्सेलच्या जेमतेम तिसऱ्या भागाएवढी होते. पडदा पिक्सेलचा तुकडा उजळू शकत नाही, म्हणून तो पूर्ण पिक्सेल फिकट रंगवतो आणि काळे अक्षर राखाडी दिसते. वेबवरील सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत साध्या मजकुरासाठी ४.५ : १ आणि मोठ्या मजकुरासाठी ३ : १ एवढे रंगांतर (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) किमान मानले आहे, पण हे गुणोत्तर आपण निवडलेल्या रंगांवरून काढले जाते, डोळ्यांपर्यंत पोहोचलेल्या राखाडीवरून नव्हे. म्हणून बारीक रेघेसाठी या किमान आकड्याच्या बरेच वर राहावे.

प्रश्न : फुकट मिळालेला हस्ताक्षरी फॉन्ट दुकानाच्या बोधचिन्हासाठी वापरला तर चालेल का? आणि छापखाना फाइल कर्व्ह करून मागतो, त्यात काही धोका आहे का?
— एक व्यावसायिक

उत्तर : फॉन्टबरोबर आलेली परवान्याची फाइल उघडून वाचावी. 'वैयक्तिक वापरासाठी' असे लिहिले असेल तर बोधचिन्ह, वेष्टन, जाहिरात यांपैकी काहीच त्यात बसत नाही आणि व्यावसायिक परवाना वेगळा घ्यावा लागतो. छपाईसाठीचा परवाना आणि संकेतस्थळावर फॉन्ट चढवण्याचा परवाना हेही पुष्कळदा निरनिराळे असतात. फुकटच्या नमुन्यात अनेकदा अंक, विरामचिन्हे आणि पर्यायी रूपे वगळलेली असतात, हेही आधी तपासावे.

कर्व्ह करण्यात धोका एकच आहे. एकदा अक्षरांचे आकार झाले की त्यांचा मजकूर राहत नाही, आणि नावातली एक वेलांटी चुकली तर ती टाइप करून सुधारता येत नाही. नाजूक फॉन्टमध्ये एक अक्षर बदलले की त्याच्या दोन्ही बाजूंचे सांधेही नव्याने जुळवावे लागतात. त्यामुळे टाइप केलेल्या मजकुराची प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवावी, कर्व्ह केलेली प्रत छापखान्याला द्यावी आणि प्रूफ पडद्यावर न पाहता खऱ्या आकारात, खऱ्या कागदावर, भिंग घेऊन पाहावे.